‘ओघवती’ म्हणायचं, तर ओघ दाखवायचा कसा?

वाचक ताईंचा प्रश्न, थोडक्यात

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या या ताई नोकरी सांभाळून मराठीत एम. ए. करत आहेत. लघुप्रबंधासाठी त्यांनी एका आवडत्या सदरलेखकाची शैली हा विषय घेतला. सदर आठवड्याला येतं. तीन वर्षांची दीडशेच्या आसपास कात्रणं त्यांनी जपून ठेवली आहेत. पहिली पंधरा पानं मार्गदर्शकांना दाखवली, तर शेरा आला: ‘हे कौतुक आहे, विश्लेषण नाही.’ ताई विचारतात, शैली ही अनुभवायची गोष्ट, ती मोजायची कशी? चिरफाड केली तर आवडच मरून जाईल का? त्यात गेल्या वर्षभरात या लेखकाची मतं पटेनाशी झाली आहेत आणि लेखनही उतरल्यासारखं वाटतं. मग याच लेखकावर काम करावं, की भरपूर अलंकार वापरणारा दुसरा, ‘सोपा’ लेखक घ्यावा? की सरळ लेखकालाच भेटून त्यांची शैली विचारावी?

उत्तर

ताई, नमस्कार.

ती पंधरा पानं फाडू नका. त्यात तुम्ही ओघवती, चपखल, मिश्कील, काळजाला भिडणारी अशी जी विशेषणं वापरली आहेत, ती खोटी नाहीत. एका सावध वाचकाला वाचताना जे झालं, त्याची ती नोंद आहे. फक्त नोंद अर्धीच आहे. ‘मिश्कील वाटलं’ हा परिणाम झाला. तो कोणत्या शब्दाने घडवला, हे सांगितलं की विश्लेषण सुरू होतं. म्हणून आधी त्या पानांमधली सगळी विशेषणं एका वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे कात्रणातलं एकच वाक्य तारखेसह लिहा. ज्या विशेषणापुढे वाक्य सापडणार नाही, त्यावर काट मारा. यातच निम्मी यादी गळेल. जी उरेल तिच्यावर काम करायचं.

काम म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. उदाहरण रचलेलं आहे, कोणाच्या सदरातलं नाही.

‘पाणी आलं. तीन दिवसांनी आलं, पण आलं. नगरपालिकेनं त्याबद्दल आभारही मानून घेतले म्हणे.’

यावर ‘उपरोधिक शैली’ असा शिक्का मारून पुढे जाता येईल. त्याऐवजी हीच माहिती प्रसिद्धीपत्रकाच्या भाषेत लिहून पाहा: ‘तीन दिवसांच्या खंडानंतर नगरपालिकेने शहराचा पाणीपुरवठा सुरळीत केला.’ आता दोन्ही शेजारी ठेवा. पत्रकात कर्ता नगरपालिका आहे, काम तिने केलं. पहिल्या मजकुरात पाणी आपलं आपण येतं आणि नगरपालिकेच्या वाट्याला एकच क्रिया उरते, आभार मानून घेण्याची. ‘मानले’ आणि ‘मानून घेतले’ यांतला फरक एका सहायक क्रियापदाचा आहे, पण सगळा डंख तिथे आहे. ‘आभारही’ मधला ‘ही’ सांगतो, की बाकीचं तर झालंच, वर हेसुद्धा. आणि शेवटचं ‘म्हणे’! त्याने लेखक त्या गोष्टीपासून हात झटकून बाजूला उभा राहतो. मी पाहिलं नाही, कानावर आलं. वाक्यं दोन, पाच आणि सहा शब्दांची आहेत. ‘आलं’ तीनदा येतं आणि दर वेळी त्यातला आनंद थोडा कमी होतो. उपमा एकही नाही, अलंकार म्हणून बोट ठेवावं असं काही नाही, तरी तीन वाक्यांत माणूस ओळखू यावा इतकी शैली आहे.

‘बदलून पाहणं’ हीच तुमची मुख्य कसोटी असू द्या. शैली म्हणजे लेखकाने केलेली निवड. आणि निवड दिसायची तर जे त्याने निवडलं नाही ते समोर असावं लागतं. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याचं एक साधं रूप तुम्ही स्वतः लिहायचं आणि दोहोंमध्ये काय हरवलं ते सांगायचं.

यातूनच तुमच्या ‘सोप्या’ लेखकाचं उत्तर निघतं. अलंकारिक लेखकाच्या उपमा, अनुप्रास पटकन दिसतात, म्हणून तो सोपा वाटतो. पण उपमांची यादी केली म्हणजे शैली सांगून झाली असं नाही. उपमा कोणत्या क्षेत्रातून येतात, शेतीतून, क्रिकेटमधून, स्वयंपाकघरातून की पुराणातून, आणि त्या युक्तिवादाच्या कोणत्या टप्प्यावर येतात, हे तिथेही शोधावंच लागेल. साधं लिहिणाऱ्याची शैली क्रियापदांत आणि दोन अक्षरी शब्दांत लपलेली असते. ती शोधायला वेळ लागतो, पण सापडली की पुरावा भक्कम असतो. लेखक बदलू नका.

बदलायचा आहे तो दीडशे कात्रणांचा हट्ट. सगळी घेतलीत तर हाती पसारा राहील, आणि आवडती वेचून घेतलीत तर आवडीचाच पुरावा मिळेल. निवडीचा एक नियम ठरवा आणि तो प्रबंधात लिहा. उदाहरणार्थ, दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याचा लेख. तीन वर्षांचे छत्तीस लेख झाले. हे सगळे नीट वाचायचे, सुरुवात-शेवट आणि बांधणी नोंदवायची. त्यातले बारा, दर वर्षाचे चार, शब्दन् शब्द तपासायचे. लेख सातशे शब्दांचा धरला तर ते साडेआठ हजारांच्या आत राहतात. हाताने मोजता येतील इतके. मृत्युलेख, पुस्तक परिचय आणि वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं वेगळी काढा. तिथे प्रकाराचे स्वतःचे नियम चालतात आणि ते लेखकाचे गुण म्हणून मोजले जातात.

आणि तुलनेसाठी दुसरा एक सदरलेखक हवाच. त्याच वृत्तपत्रातला, शक्यतो त्याच पानावरचा, तितक्याच लांबीचा, त्याच काळातला. त्याचे बारा लेख पुरेत. शेजारी कोणी नसेल तर तुमच्या लेखकाचं वैशिष्ट्य कोणतं आणि मराठी वृत्तपत्रात सगळेच करतात ते कोणतं, हे कळायला मार्ग नाही. ‘प्रश्नार्थक वाक्यांचा मुबलक वापर’ असं वाक्य शैलीवरच्या प्रबंधांत वारंवार दिसतं. मुबलक म्हणजे कोणापेक्षा?

मोजायला बसण्याआधी प्रत्येक लेख एकदा मोठ्याने वाचा आणि जिथे दम घ्यावा लागतो तिथे पेन्सिलने उभी रेघ मारा. छापलेली विरामचिन्हं आणि तुमच्या रेघा कुठे जुळत नाहीत ते पाहा. ओघ म्हणतात तो बहुतेकदा तिथे सापडतो. लांब वाक्य असूनही दम लागत नाही, कारण आतले तुकडे एकसारख्या लांबीचे असतात किंवा ‘करून’, ‘जाऊन’, ‘बघत’ अशा रूपांनी एकमेकांना पुढे ढकलत असतात. मग वाक्यांची लांबी मोजा. नुसती सरासरी फसवते. बारा शब्दांची सरासरी सगळी वाक्यं बारा शब्दांची असली तरी येते, आणि तीन-एकवीस, तीन-एकवीस अशा झोक्यातूनही येते. म्हणून सर्वांत लांब, सर्वांत आखूड आणि मुख्य म्हणजे आखूड वाक्य *कुठे* येतं, हे टिपा. परिच्छेदाच्या तोंडाशी आलेलं तीन शब्दांचं वाक्य दार उघडतं. शेवटी आलेलं दार लावतं.

इथे एक सावधगिरी. वाचनसुलभता मोजणारी इंग्रजीसाठी बनवलेली सूत्रं मराठीला लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एक शब्द मोजला जातो. त्यामुळे शब्द लांब दिसतात, वाक्य आखूड दिसतं आणि निष्कर्ष वाकडा येतो. मराठीची तुलना मराठीशीच करा. संगणकाकडून वाक्यं मोजून घेणार असाल तर ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘एम. ए.’ यांतल्या टिंबांना तो वाक्याचा शेवट समजतो, हेही ध्यानात ठेवा. ई-पेपरमधून मजकूर उचलताना जुन्या फॉन्टमुळे अक्षरांचा गोंधळ होतो. युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांसारखे शब्द डोळ्यांखालून घालाच. नाहीतर शोधताना एकच शब्द दोन रूपांत विभागला जातो आणि मोजणी चुकते.

मोजायचं काय, याची भली मोठी यादी करू नका. चार-पाच गोष्टी पुरतात, पण त्या मराठीच्या प्रकृतीतून आलेल्या हव्यात. एक म्हणजे क्रियापदाची जागा. आपलं वाक्य सहसा क्रियापदावर संपतं. ‘तो उशिरा आला’ याऐवजी ‘आला तो, पण उशिरा’ असं कोणी लिहितं तेव्हा बोलण्याचा सूर छापील ओळीत आणलेला असतो. असं किती वेळा होतं आणि कोणत्या प्रसंगी? दुसरं, ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘अर्थात’, ‘बरं का’ हे शब्द. हे दर हजार शब्दांमागे किती, असं मांडा म्हणजे लहानमोठ्या लेखांची तुलना होते. तिसरं, लेखक स्वतःला काय म्हणवतो. ‘मी’ म्हणणारा साक्षीदार असतो. ‘आम्ही’ म्हटलं की जुन्या अग्रलेखांचा संपादकीय आवाज ऐकू येतो. ‘आपण’ मात्र फार चतुर सर्वनाम आहे. ‘आपण रांग मोडतो’ असं लिहून लेखक दोषात स्वतःलाही घेतो आणि वाचकालाही ओढतो, आणि वाचकाला ते टोचत नाही. तुमचा लेखक ‘मी’ वरून ‘आपण’ वर केव्हा उडी मारतो, ते पाहाच.

चौथी गोष्ट प्रयोगांची. ‘झाडं तोडली गेली’, ‘झाडे तोडण्यात आली’ आणि ‘ठेकेदाराने झाडं तोडली’. पहिल्या दोन वाक्यांत तोडणारा गायब आहे. ‘करण्यात आले’ हे सरकारी कागदावरचं मराठी वृत्तपत्रांत इतकं मुरलं आहे, की ते खटकतही नाही. एखादा लेखक विरोधकांच्या चुका लिहिताना कर्त्याचं नाव घेतो आणि आपल्या बाजूच्या चुका लिहिताना ‘घडलं’, ‘राहून गेलं’ अशी रूपं वापरतो का? शैली आणि मत यांची गाठ नेमकी इथे पडते.

शब्दसंपत्तीचा भाग अवघड नाही, वेळखाऊ आहे. तत्सम, तद्भव, देशी, फारसी-अरबीतून आलेले आणि इंग्रजीतून आलेले असे पाच रंग घेऊन तीन लेख रंगवा. तीनच, त्यापुढे नवं काही कळत नाही. फक्त टक्केवारी देऊन थांबू नका. ‘अडचण’, ‘समस्या’, ‘प्रॉब्लेम’ यांतला शब्द कोणाच्या तोंडी येतो ते पाहा. मंत्र्यांची समस्या, गृहिणीची अडचण आणि तरुणाचा प्रॉब्लेम अशी वाटणी दिसली, तर ती लेखकाच्या समाजाकडे बघण्याची रीत आहे. म्हणींचंही तसंच: म्हण पूर्ण देतो, अर्धी सोडून देतो की मोडून नवी करतो, एवढं नोंदवा.

आता जे लेखकाचं नाही ते बाजूला कसं काढायचं? छापील लेखावर डेस्कचे, म्हणजे वृत्तपत्राच्या संपादन विभागाचे, हात फिरलेले असतात. मथळा, उपमथळा आणि चौकटीत उचललेली ओळ बहुतेकदा उपसंपादक देतात. जागा कमी पडली की परिच्छेद उडतो, आणि कित्येकदा शेवटचाच उडतो. म्हणजे ‘लेखक शेवट अचानक करतो’ हा तुमचा निष्कर्ष कदाचित जाहिरातीच्या आकाराबद्दलचा असेल. ई-पेपरमधला आणि संकेतस्थळावरचा लेख ताडून पाहा, कापलेलं कधीकधी तिथे मिळतं. ‘केले’ की ‘केलं’ हीसुद्धा पुष्कळदा त्या वृत्तपत्राची रीत असते. त्याच पानावरचे बाकीचे लेख बघितले की उलगडा होतो. मथळ्यांवर प्रकरण लिहायचं तुमच्या मनात दिसतं. मथळे लेखकाचेच आहेत हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका. जिथे संपादकच लेखक असतो तिथे गोष्ट वेगळी. १८९७ च्या जुलैत, रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यावर उगारलेल्या बडग्याविषयी टिळकांच्या ‘केसरी’त लागोपाठ आलेले दोन मथळे पाहा: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. विषय एकच. पहिला प्रश्न विचारतो, म्हणजे उत्तर वाचकाच्या मनात उमटवून स्वतः मोकळा राहतो. दुसरा व्याख्या करतो आणि ‘नव्हे’ वर थांबतो. इथे मथळ्याला शैली म्हणून वाचण्यात अर्थ आहे.

तुमच्या पत्रात आणखी एक समजूत डोकावते, की शैली म्हणजे माणसाचा स्वभाव. म्हणून मतं बिघडली की शैलीही बिघडणार. शैलीत स्वभाव असतो, पण तेवढाच नसतो. समोर कोण वाचतंय, शब्दमर्यादा किती, काय बोलायची मुभा आहे, यानेही ती घडते. शिवराम महादेव परांजप्यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केलं तेव्हा राजद्रोहाचं कलम डोक्यावर टांगलेलं होतं. त्यांची वक्रोक्ती, स्तुतीच्या पोटात दडवलेली निंदा, ही हौस तर होतीच, पण त्या परिस्थितीत ते हत्यारही होतं. तरी १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झालीच. ‘काळ’च्या आधी पन्नास वर्षं, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रं ‘लोकहितवादी’ या नावाने येत होती. त्यांचा रोख आपल्याच समाजाच्या दोषांवर होता; तिथे आडवळण नाही, घरातल्या वडीलधाऱ्याने झाडावं तशी आखूड, रोखठोक वाक्यं आहेत. सरावासाठी या दोघांचं एकेक पान घ्या. नाव झाकून कोणतं कोणाचं ते पुराव्यासह सांगता आलं, की तुमच्या लेखकाकडे वळा.

‘लेखन उतरलं’ या शंकेला तर उत्तम कसोटी उपलब्ध आहे. सदरलेखकाला काही विषय दर वर्षी हाताळावे लागतात: अर्थसंकल्प, पहिला पाऊस, आषाढी वारी, दहावीचा निकाल, साहित्य संमेलन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. अशा एकाच विषयावरचे पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे लेख जोडीने ठेवा. विषय तोच असल्यामुळे जो फरक उरेल तो लिहिण्यातला असेल. ‘पण’ कितव्या परिच्छेदात येतो? पूर्वी विरुद्ध बाजू आधी नीट मांडून मग ‘पण’ येत असेल आणि आता दुसऱ्याच ओळीत येत असेल, तर तो बदल दाखवता येतो. पूर्वी पुरावा म्हणून आकडा किंवा नाव यायचं आणि आता ‘काही विचारवंत म्हणतात’ एवढ्यावर भागतं का? तसं काहीच सापडलं नाही, तर बदललं आहे ते तुमचं त्याच्याशी नातं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तेही प्रामाणिकपणे लिहिता येतं, त्यात कमीपणा नाही. दर वर्षाला चारच लेख बारकाईने मोजत असाल, तर एक-दोनच्या फरकावर इमले बांधू नका. ‘म्हणे’ पहिल्या वर्षी तीनदा आणि तिसऱ्या वर्षी चारदा, याला वाढ म्हणत नाहीत.

मतं पटत नाहीत ही अडचण नसून सोय आहे. पटणाऱ्या लेखात युक्तिवादाचे सांधे दिसतच नाहीत, आपण मान डोलावत पुढे जातो. न पटणाऱ्या लेखात नेमक्या कोणत्या शब्दाशी आपण अडखळलो ते कळतं. त्या जागी खूण करा. फक्त ‘चूक’ आणि ‘वाईट लिहिलेलं’ हे दोन शेरे वेगवेगळ्या समासांत लिहा, एकमेकांत मिसळू देऊ नका.

आवड मरेल का, या भीतीबद्दल. बंदिशीची स्वरलिपी लिहून घेतल्याने गाणं ऐकवेनासं होत नाही, उलट जागा कळतात. पण एक खरं आहे: ज्या लेखकाच्या लकबी चार-सहाच असतात, तो मोजणीनंतर फिका वाटू लागतो. तसं झालं तर ते सोसा आणि लिहा. एक छोटी व्यवस्था मात्र करा, जीव लागलेले पाच लेख या अभ्यासाबाहेर ठेवा.

निष्कर्ष निघाले की ते पारखून घ्या. तुमच्या लेखकाचे तीन आणि दुसऱ्याचे तीन परिच्छेद नाव आणि ओळखू येतील असे संदर्भ काढून टाइप करा, आणि दोघा-तिघा वर्गमित्रांना वेगळे करायला द्या. त्यांनी कशावरून ओळखलं ते विचारा. त्यांनी तुम्ही न लिहिलेली खूण सांगितली, तर पुन्हा लेखांकडे जा. परिशिष्टात पूर्ण लेख छापू नका. समीक्षेसाठी गरजेपुरते उतारे, तारीख आणि पान देऊन घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही समीक्षेसाठी तेवढी मुभा आहे.

लेखकांना जरूर भेटा, पण हे सगळं झाल्यावर. आणि ‘तुमची शैली कशी आहे?’ हे विचारू नका. लेखक सांगतो ती त्याची इच्छा असते, लेखात असते ती निवड, आणि त्यांचं उत्तर ऐकल्यावर तुम्हाला तेच दिसू लागेल. विचारायचं ते त्यांनाच ठाऊक असलेलं: मथळा कोण देतं, शब्दमर्यादा किती आणि ती मधे बदलली का, मजकूर कोणत्या वारी द्यावा लागतो, हाताने लिहितात, टाइप करतात की सांगून लिहवून घेतात, डेस्क काय बदलतं. तिसऱ्या वर्षी शब्दमर्यादा नऊशेवरून सहाशेवर आली होती असं कळलं, तर ‘पण’ लवकर का येऊ लागला याचं एक कारण तुमच्या हाती असेल. म्हणून भेटीला जाताना जोडीचे ते लेख आणि खुणांची वही बरोबर न्या.